आत्याचा बोडा आणि माझा ट्रफल

श्रोतेहो, नमस्कार.

दोन दिवस पाऊस पडून गेलाय, ऊन पुन्हा तापलंय आणि मधूनच आभाळ गडगडतंय. असा दिवस उजाडला की बस्तरमधली माणसं टोपली आणि टोकदार काठी घेऊन सरगीच्या रानात शिरतात. सरगी म्हणजे साल. पण बघायचं झाडाकडे नाही, त्याच्या बुंध्याभोवतीच्या जमिनीकडे. पालापाचोळा बाजूला सारायचा, कुठे बारीक भेग पडलीय, कुठे माती जराशी फुगलीय ते हेरायचं आणि काठीचं टोक घालून हलकेच उचकायचं. खालून निघतो बोडा. गोल, सुपारीएवढा, फार तर लिंबाएवढा, मातीनं माखलेला. छत्री नाही, दांडा नाही. नवख्याला वाटावं, खडाच आहे.

हा बोडा अळंबीच्याच गोतातला, पण कोवळेपणी जमिनीखाली वाढणारा. झारखंडात त्याला रुगडा म्हणतात, सरगुजाकडे पुटू. युरोपात ट्रफल नावाची, जमिनीखाली वाढणारी, खायची फार महागडी बुरशी मिळते. वर्तमानपत्रवाले बोड्याला भारताचा ट्रफल म्हणतात, आणि माझी फजिती तिथूनच सुरू झाली. आज तीच सांगणार आहे. माहिती काय, मधे मधे येत राहील.

माझी आत्या लग्न होऊन जगदलपूरला गेली त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. रायपूरपासून खाली तीनशे किलोमीटर. तिच्या घरी मी पहिल्यांदा पावसाळ्यात गेलो तो जुलै महिना होता. सकाळी पिशवी घेऊन म्हणाली, "चल, बाजारात जाऊ." संजय मार्केटच्या बाहेर बायका ओळीनं बसलेल्या, समोर पोत्यावर बोड्यांचे ढीग. बोलणं हलबीत. हलबी कानावर पडली की मराठी माणूस एकदम मान वळवतो, कारण 'माझं'ला ते 'मोचो' म्हणतात आणि 'तुमचं'ला 'तुमचो'. वाटतं, आपलंच कोणीतरी दूरच्या गावी राहायला गेलंय. यावर खरं तर वेगळं भाषण द्यायला हवं. असो.

तिथे बोडा सोलीनं मोजून देतात. सोली म्हणजे मापाचं भांडं, आपल्या मापट्यासारखं. भाव ऐकून मी हात मागे घेतला. मोसमाच्या पहिल्या बोड्याला किलोमागे हजाराच्या वर सहज मोजावे लागतात. आत्यानं मात्र भावाचं नावही काढलं नाही. ती खाली बसली, ढिगातून एक बोडा उचलला, दोन बोटांत दाबला आणि अंगठ्याच्या नखानं मधोमध फोडला. आत पांढराशुभ्र, ओल्या खोबऱ्यासारखा. शेजारच्या ढिगातला दुसरा फोडला. तो आत कॉफीच्या रंगाचा निघाला. "हे म्हातारे झाले," म्हणाली आणि पहिल्या ढिगाकडे वळली. विकणारी बाई हसली. तिला ठाऊक होतं, कोणीतरी फोडून बघणारच.

घरी आल्यावर ते धुणं! एक पाणी, दोन पाणी, पाच पाणी, तरी तळाला रेती राहतेच. मग कांदा, आलं-लसूण, गरम मसाला, मटणाला करतो तसा रस्सा. चावलं की वरचं कवच कुरकुरीत फुटतं आणि आतला गर लोण्यासारखा. मी तीन वेळा भात घेतला.

आता पुढच्या वर्षीची गोष्ट. नागपूरच्या बाहेर एका स्नेह्यांचं शेत आहे, बांधावर निलगिरीची जुनी रांग. ही निलगिरी आपल्याकडे लोकांनी कशासाठी एवढी लावली, मला आजवर उमगलेलं नाही. ना सावली, ना फळ, आणि खाली धड गवतही उगवत नाही. पण त्या दिवशी तिच्याखाली काहीतरी उगवलं होतं. पाऊस होऊन गेलेला. जमिनीला भेगा. मी काठीनं उचकलं तर खालून गोल गोल गोळे! पिवळट-तपकिरी, वर खरखरीत खवले. माझ्या छातीत धडधडायला लागलं. रुमालात डझनभर बांधले आणि घरी आणले.

आत्या तेव्हा गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडेच होती. दुपारची झोपली होती. मी एक गोळा कापला. आत पांढरा नव्हता, काळा होता. काळा, जांभळट झाक असलेला, आणि त्या काळ्यात पांढऱ्या बारीक रेषा, संगमरवराला असतात तशा. श्रोतेहो, फ्रान्समधल्या काळ्या ट्रफलचा फोटो तुम्ही पाहिला असेल तर तुम्हाला कळेल मला काय झालं असेल. तंतोतंत तसंच! बोडा गेला खड्ड्यात, म्हटलं, आपल्याला तर खरा ट्रफल सापडला. भाच्यानं मोबाईलवर फोटो काढून कुठल्याशा ॲपला दाखवला. ॲपही म्हणालं, ट्रफल. मी मनातल्या मनात किलोचा भाव काढून बांधावरच्या झाडांनी गुणला.

मग तुपावर चार चकत्या परतल्या आणि मीठ भुरभुरून दोन खाल्ल्या. चव? खरं सांगू? काहीच नव्हती. पण मनाला एकदा वाटलं ना ट्रफल, की जिभेलाही तसंच वाटतं.

वासानं आत्या उठून आली. कढईत डोकावली नाही, आधी विचारलं, "काय जळून राहिलं रे? टायर?" मग ओट्यावरचा अर्धा कापलेला गोळा उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. तिचा दुसरा प्रश्न होता, "कोणत्या झाडाखाली होतं हे?"

मी म्हटलं, "निलगिरीच्या."

"तिथं सरगी आहे का कुठं?"

"नाही."

"मग हा बोडा कसा होईल?"

मी म्हटलं, "आत्या, हा बोडा नाहीच. ट्रफल आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खाल्लं काय रे बाबू तू?"

तासाभरात पोटात मुरडा आला. दीड तासानं उलट्या. दरदरून घाम, हातापायातलं बळ गेलेलं. भाच्यानं रिक्षा आणली. आत्यानं निघताना एक काम केलं, उरलेले गोळे आणि कढईतल्या दोन चकत्या स्टीलच्या डब्यात भरल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, उरलंय का काही? आत्यानं डबा पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "आजींना अक्कल आहे." माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. रात्रभर सलाइन लागलं, सकाळी घरी सोडलं.

आता, ते होतं काय? त्याचं शास्त्रीय नाव स्क्लेरोडर्मा, म्हणजे जाड कातडीचा. निलगिरीच्या मुळांशी त्याचं जमतं, म्हणून निलगिरी लावलेल्या ठिकाणी पावसाळ्यात तो दिसतो. कोवळा असताना आतून पांढरा, नंतर जांभळट-काळा, शेवटी नुसती भुकटी. युरोपातही लबाड लोकांनी तो ट्रफलमध्ये मिसळून खपवलेला आहे, तेव्हा फसणारा मी पहिला नाही. आणि गंमत अशी की आत्याचा बोडा आणि हा स्क्लेरोडर्मा एकाच कुळाच्या जवळच्या शाखांतले, चुलतभाऊ म्हणा. खरा ट्रफल या दोघांचाही कोणी लागत नाही. त्याचं नातं उलट पाव फुगवणाऱ्या यीस्टशी अधिक जवळचं. ट्रफलला ओक आणि हेझलसारखी झाडं लागतात, चुनखडीची जमीन लागते, थंडी लागते. आपल्या देशात ट्रफल नाहीच असंही नाही. 1892 मध्ये कुक आणि मॅसी या दोघा बुरशी-अभ्यासकांनी एका जातीला ट्यूबर इंडिकम हे नाव दिलं, तो नमुना मसुरीकडचा, हिमालयातला. नागपूरच्या बांधावरचा नव्हे.

मोठ्या हॉटेलांत ट्रफल ऑइल म्हणून जे शिंपडतात त्यातलं बरंचसं कारखान्यात तयार केलेल्या वासाचं असतं. ते आपण पैसे देऊन खातो आणि रुगडा समोर आला की नाक मुरडतो. ते जाऊ द्या.

कामाचं सांगतो. जमिनीखालून काही गोल निघालं तर ते उभं कापा. उभं, वरून खाली. आत पिवळा, तपकिरी, जांभळा, काळा रंग दिसला, फेका. आत पांढरं आहे, पण त्या पांढऱ्यात छोट्या छत्रीची आकृती दिसतेय, दांडा, टोपी, बारीक पडदे, तर ताबडतोब फेका आणि हात धुवा. कारण ती ॲमॅनिटा नावाच्या अळंबीची कळी असू शकते. त्या जातीतल्या काही छत्र्या यकृत निकामी करतात, आणि शिजवून, उकळून, वाळवून ते विष जात नाही. चांदीचं नाणं घालून बघणं, लसूण काळा पडतो का बघणं, किड्यानं खाल्लंय म्हणजे चालेल म्हणणं, यातलं काहीही खरं नाही.

आणि आत नुसतं पांढरं निघालं तर? तरीही खाऊ नका. कोवळा स्क्लेरोडर्माही पांढराच असतो. पुन्हा सांगतो, कापल्यावर 'नाही' कळतं. 'हो' कळत नाही. 'हो' म्हणायला त्याच रानात वर्षानुवर्षं तीच वस्तू गोळा करून खाणारं माणूस लागतं, आणि तेही त्याच्या रानापुरतं. आपल्याकडे विदर्भात वारुळावरच्या सात्या ओळखणाऱ्या बायका आहेत, कोकणात अळंबी ओळखणारे आहेत. त्यांना बोड्याबद्दल विचारू नका आणि बोडावाल्यांना सात्यांबद्दल विचारू नका. महाराष्ट्रात सागाचं राज्य, आणि सागाच्या मुळांशी बोड्याचं जमत नाही.

आणखी एक, हे मात्र नीट ऐका. माझ्या उलट्या दीड तासात सुरू झाल्या, ते त्यातल्या त्यात बरं. रानटी अळंबी खाऊन सहा तास उलटून गेल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते जास्त धोक्याचं. मधे एखादा दिवस बरं वाटतं आणि यकृत आतून बिघडत असतं. बरं वाटलं तरी दवाखाना सोडू नका. आणि उरलेलं, सोललेलं, उष्टं, जे असेल ते डब्यात घालून सोबत न्या.

आत्या परत गेली. दर जुलैत तिचा फोन येतो, पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, निघाला का तुझा ट्रफल?" गेल्या वर्षी तिनं कुणाबरोबर तरी एक पुडी पाठवली. आत चार-पाच म्हातारे बोडे, वाळलेले. न खुडलेला बोडा पिकला की त्याचं बाहेरचं कवच चांदणीसारखं फाटतं. हवा कोरडी झाली की त्या पाकळ्या आत मिटतात, दमट झाली की पुन्हा उघडतात. 1801 मध्ये पेरसून या बुरशी-अभ्यासकानं त्याच्या युरोपातल्या भावाला हायग्रोमेट्रिकम, म्हणजे ओल मोजणारा, म्हटलं ते यावरूनच. ते बोडे माझ्या खिडकीत ठेवलेत. महिनाभर मुठी आवळून बसले होते. आज सकाळी इकडे यायला निघालो तेव्हा पाहिलं, दोघांच्या पाकळ्या उघडल्या होत्या. मी परत आत जाऊन छत्री घेतली.

नमस्कार.