किर्शनरच्या रस्त्यावर

हे चित्र पडद्यावर थोडा वेळ तसंच राहू द्या. नाव ‘पॉट्सडामर प्लाट्झ’, म्हणजे बर्लिनमधला एक चौक. साल १९१४, जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर. मूळ कॅनव्हास दोन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद आहे, म्हणजे बर्लिनच्या संग्रहालयात या दोन बायका जवळजवळ आपल्याएवढ्या होऊन समोर उभ्या राहतात.

त्या उभ्या आहेत चौकातल्या गोल वाहतूक बेटावर. मागे लाल रंगाचं रेल्वे स्टेशन. आणि रस्ता चक्क हिरवा! रात्रीच्या दिव्यांत दिसला असेल तसा. मला मात्र तो रंग आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा वाटतो. बेटही सपाट नाही. परात कलंडावी तसं ते पुढे कललंय. आता या दोघी घसरत आपल्या अंगावर येणार!

या ‘कोकोट’, म्हणजे रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या बायका. पोलिसांची नजर असायची, म्हणून पोशाख घरंदाज बायकांचा: पिसांची हॅट, उंची कोट. एकीने तर तोंडावर विधवेची जाळी घेतलीय. महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं, त्याच्याशी काही अभ्यासक ही जाळी जोडतात. मागचे पुरुष काळ्या कपड्यांत, पाय कैचीसारखे फाकलेले. सगळे एकमेकांना हेरताहेत, पण कुणाची नजर कुणाला भिडत नाही. मला विचाराल तर चित्राचा विषय या बायका नाहीतच. माणसा-माणसांत उरलेली ती हिरवी फट आहे.

आता जरा आपल्याकडे येतो. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून अजिंठ्याला जायचे, भित्तिचित्रांच्या नकला करायला. त्यातून निघालेले भलेमोठे ग्रंथ किर्शनरला बर्लिनला येण्याआधी, ड्रेस्डेन शहरात बघायला मिळाले. त्याने त्यांवरून रेखाटनं केली. त्याच्या तेव्हाच्या स्नान करणाऱ्या स्त्रिया बघा. भरलेली, गोलाईची अंगं, सैलावलेली. ही अजिंठ्याची शिकवण.

१९११मध्ये तो वीस लाखांच्या बर्लिनमध्ये आला आणि गोलाई संपली. खांदे टोकदार झाले, चेहरे मुखवट्यासारखे, कुंचल्याचे फराटे तिरके, घाईचे, एकावर एक. ‘ब्र्यूके’ हा त्याचा चित्रकार मित्रांचा गट १९१३मध्ये फुटला. त्याच वर्षी रस्त्यांवरच्या चित्रांची ही मालिका सुरू झाली. १९१५पर्यंत ती चालली.

शहराच्या अधःपतनावरची टीका म्हणून ही चित्रं दाखवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्याला किळस येते तो इतका गुलाबी आणि निळा रंग उधळत नाही. किर्शनर या रस्त्यावर भुललेला होता, आणि घाबरलेलाही.

पुढे नाझींनी त्याची सहाशेहून अधिक कामं संग्रहालयांतून काढली, आणि १९३८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडली. पण मला १९१५मधलं आत्मचित्र दाखवायचंय. सैन्यात गेलेला किर्शनर काही महिन्यांतच खचला होता. अंगावर गणवेश, तोंडात सिगारेट, आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला, रक्ताळलेला. खरा हात शाबूत होता. हे चित्र त्याच हाताने काढलंय.