पिवळा घुमट : थंडीला न डरणाऱ्या युफोर्बियाची निगा

हिवाळ्याच्या अखेरीस वाफ्यात उभी असलेली ही करड्या काड्यांची मोळी पाहिली, तर झाड वठले आहे असेच कोणालाही वाटेल. पण गुडघे टेकून काड्यांच्या बुडाशी पाहावे. तिथे मातीलगत तांदळाच्या दाण्याएवढे तांबूस कोंब दाटीने बसलेले दिसतात. दिवस मोठा होऊ लागला की हे कोंब झपाट्याने वर येतात आणि वसंत ऋतूच्या मध्यावर त्याच जागी दीड-दोन वीत उंचीचा, गोल, लख्ख पिवळा घुमट उभा राहतो.

या बहुवर्षायू वनस्पतीचे नाव युफोर्बिया पॉलिक्रोमा. तिच्या गोलसर, गादीसारख्या आकारामुळे बागकाम करणारे तिला कुशन स्पर्ज म्हणतात. मूळची ती मध्य आणि आग्नेय युरोपातली. उणे १५ ते २० अंश सेल्सियसपर्यंतची थंडी ती सहज सोसते. उष्ण व दमट उन्हाळा मात्र तिला मानवत नाही. जगभर सुमारे २,००० जाती असलेल्या युफोर्बिया प्रजातीत रानोमाळ उगवणारी दुधी आहे, कुंपणाला लावला जाणारा शेर आहे आणि लाल पानांची पॉइन्सेटियाही आहे. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरेटेनियाचा राजा दुसरा जुबा याने आपला वैद्य युफोर्बस याचे नाव एका चिकाळ वनस्पतीला दिले होते. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने तेच नाव साऱ्या प्रजातीला कायम केले.

आता हा पिवळा रंग जवळून पाहू. ज्यांना आपण पाकळ्या समजतो, ती खरे तर छदे, म्हणजे रंग बदललेली पाने आहेत. त्यांच्या मधोमध लहानशा पेल्यासारखा फुलोरा असतो. पेल्याच्या काठावर मधुग्रंथी चकाकतात, आत एकेका पुंकेसराची नरफुले असतात आणि त्यांच्यामधून देठावर वर आलेले, तीन कप्प्यांचे एकच मादीफूल बाहेर डोकावते. पाकळ्या लवकर गळतात, पण छदे पानांसारखीच टिकाऊ असल्याने हा बहर कित्येक आठवडे राहतो.

लागवडीसाठी भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा एवढ्याच दोन अटी आहेत, आणि दुसरी अट पहिलीहून महत्त्वाची आहे. चिकण मातीत हिवाळाभर पाणी साचून राहिले, तर थंडीने न मरणारे हे झाड मुळे कुजून मरते. अशा जागी मातीत जाड वाळू आणि बारीक खडी मिसळावी किंवा वाफाच उंच करावा. दोन रोपांमध्ये साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे आणि बुंध्याभोवती माती चढवू नये. उन्हाळा कडक असेल, तर दुपारनंतरची सावली मिळेल अशी जागा निवडावी.

खताविषयी मात्र मायेला आवर घालावा लागतो. पहिल्या लागवडीच्या वेळी आम्ही प्रेमापोटी वाफ्यात कुजलेले शेणखत भरपूर घातले. रोपे जोमाने वाढली, पण बहर भरात येताच लुसलुशीत काड्या चहूबाजूंनी आडव्या झाल्या आणि घुमटाच्या मध्यभागी भगदाड पडले. पुढच्या वर्षी हलक्या, खडकाळ मातीत लावलेली रोपे ताठ उभी राहिली. पहिला हंगाम रोपांना नियमित पाणी द्यावे. मुळे रुजल्यावर केवळ दीर्घ अवर्षणातच द्यावे. मावा कधीमधी येतो, पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन निघतो.

काडी कापताच पांढरा चीक टपटप गळू लागतो, म्हणून छाटणीकडे बारकाईने लक्ष द्यायला हवे. हा चीक त्वचेला दाह करतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा करू शकतो. हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि चष्मा घातल्याशिवाय कात्री हाती घेऊ नये. घाम पुसायलाही मोजा चेहऱ्याकडे नेऊ नये. त्वचेवर चीक उडाल्यास साबणाने लगेच धुवावे. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लहान मुले आणि पाळीव प्राणी जिथे खेळतात, तिथे हे झाड लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. याच चिकामुळे हरणे आणि ससे त्याच्या वाटेला जात नाहीत.

बहर ओसरल्यावर कुशन स्पर्जच्या काड्या एक तृतीयांशाने छाटल्या, की झाड पुन्हा गोल भरते. युफोर्बिया कॅरेशियास या उंच, सदाहरित जातीची रीत मात्र निराळी आहे. तिची काडी पहिल्या वर्षी केवळ वाढते आणि दुसऱ्या वर्षी फुलते; म्हणून फुलून गेलेल्या काड्या तेवढ्या बुडातून कापायच्या आणि कोवळ्या काड्यांना हात लावायचा नाही. सरसकट छाटणी केली, तर पुढचा बहर हातचा जातो.

छाटणी न केलेल्या झाडावर तीन कप्प्यांची बोंडे धरतात. कोरड्या उन्हात ती तडकतात आणि बी उडून दूर जाऊन पडते. आपोआप उगवलेली रोपे लहान असतानाच अलगद उचलून हलवावीत, कारण जुन्या झाडाला मुळांची उचकपाचक सोसत नाही. वसंतात बुडाजवळचे कोंब कापूनही रोपे करता येतात. चीक थांबेपर्यंत कापलेले टोक कोमट पाण्यात धरावे आणि मग वाळूमिश्रित मातीत खोचावे. जात निवडताना एक सावधगिरी हवी. युफोर्बिया सायपेरिसियास ही नाजूक दिसणारी जात मुळांवाटे दूरवर पसरते आणि उत्तर अमेरिकेत ती उपद्रवी तण ठरली आहे.

शरद ऋतूत पाने तांबडी, केशरी होतात आणि मग गळतात. उरलेल्या काड्या हिवाळाभर तशाच राहू द्याव्यात, त्यांच्या आडोशाने बुंधा सुरक्षित राहतो. वसंताच्या तोंडावर त्या जमिनीपासून दोन-तीन बोटे उंचीवर कापाव्यात आणि कापताना कात्रीचे टोक बुडाशी बसलेल्या त्या तांबूस कोंबांना लागणार नाही, एवढे जपावे.