पुरणयंत्राचे वर्षभराचे काम

वैशाखातली दुपार आहे, ओट्यावर पुरणयंत्र मांडलेले आहे, पण त्यात शिजलेली डाळ नाही. रायवळ आंबे पिळून काढलेला दाट गर त्यात ओतला आहे आणि दांडा फिरू लागताच खालच्या पातेल्यात रस उतरू लागला आहे. हापूसला या खटाटोपाची फारशी गरज पडत नाही. रायवळाच्या गरात मात्र इतके धागे असतात की रस तसाच वाढला तर पोळीच्या प्रत्येक घासाबरोबर ते दातांत अडकतात. चकतीकडे जवळून पाहिले म्हणजे हे धागे छिद्रांच्या वरच कसे गोळा होतात आणि पात्याबरोबर फिरता फिरता त्यांचा एक गुंता कसा तयार होतो, ते स्पष्ट दिसते. खाली पडणारा रस दाट, एकजीव आणि फेस नसलेला असतो.

होळी, गुढीपाडवा, पोळा असे पुरणाचे सण आटोपले की अनेक घरांत हे यंत्र धुऊन, पुसून माळ्यावर जाते. नावातच पुरण असल्यामुळे त्याच्याकडे दुसरे काही मागावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु त्याची रचना पाहिली तर त्यात पुरणापुरते असे काहीच नाही. एक पसरट भांडे, तळाशी बदलता येणारी छिद्रांची चकती, वर दांड्याला जोडलेले तिरके पाते, आणि पातेल्याच्या काठावर नीट बसावेत म्हणून बाहेर काढलेले तीन पाय, एवढेच ते यंत्र आहे. दांडा फिरवला की तिरक्या पात्याखाली सापडलेला पदार्थ चकतीवर दाबला जातो आणि छिद्रांतून खाली उतरतो. साल, बी, धागा असे जे दाबले जाऊ शकत नाही ते वर राहते. दांडा थोडा उलटा फिरवला की चकतीला चिकटून बसलेले सुटून वर येते आणि काम पुन्हा सुरळीत चालू होते. म्हणजे हे यंत्र एकाच वेळी दाबते आणि गाळते, आणि यातले काहीही करताना पदार्थ कापत नाही.

हे न कापणे फार महत्त्वाचे आहे. उकडलेल्या बटाट्याचेच पाहा. बटाटा शिजतो तेव्हा त्यातील स्टार्च पाणी शोषून पेशींच्या आतच फुगतो. मिक्सरची वेगवान पाती त्या पेशी फोडतात, फुगलेला स्टार्च बाहेर पडतो आणि बटाट्याचा ताणला जाणारा चिकट गोळा होतो, ज्याचे ना पॅटिस धड होते ना पराठ्याचे सारण. पुरणयंत्रातून काढलेला बटाटा मोकळा आणि हलका राहतो, कारण दाबाने पेशी एकमेकींपासून सुटतात, पण बहुतांश अखंड राहतात. टोमॅटोच्या साराचेही तसेच आहे. मिक्सरमध्ये बिया चिरल्या जातात, हवा मिसळते आणि लाल रंग फिका पडतो; पुरणयंत्रात मात्र साल आणि बिया चकतीवर राहतात आणि खाली गडद लाल रस मिळतो, जो पुन्हा गाळावा लागत नाही. गेल्या काही दशकांत आपण मिक्सरवर अशी बरीच कामे सोपवली, जी तो झटपट करतो, पण चांगली करत नाही.

श्रीखंडाच्या बाबतीत जुन्या सुगरणींना हे नेमके ठाऊक होते. चक्क्यात साखर मिसळून काही वेळ ठेवायची आणि मग ते मिश्रण पुरणयंत्रातून काढायचे, ही रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. त्याने चक्क्याच्या गुठळ्या मोडतात, पण त्याचा घट्टपणा टिकतो. तोच चक्का मिक्सरमध्ये फिरवला तर पातळ होतो. हिवाळ्यात घरी च्यवनप्राश करणाऱ्यांनी उकडलेले आवळे बिया काढून यातून काढावेत, म्हणजे आवळ्याच्या शिरा आपोआप वेगळ्या होतात आणि फडक्यावर गर घासत बसण्याचे कष्ट वाचतात. भिजवलेल्या चिंचेचा कोळ, गुलाबजामसाठी घेतलेला रवाळ खवा, लहान बाळासाठी शिजवलेली भाजी आणि डाळ, हे सारे याच चकतीतून जाऊ शकते.

हीच युक्ती फ्रान्समध्येही लोकप्रिय झाली. तेथे ज्याँ मांतले यांनी 1932 मध्ये हाताने फिरवायचे भाज्यांचे यंत्र आणले. पत्नीने केलेल्या बटाट्याच्या लगद्यात गुठळ्या राहत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे त्यांचीच कंपनी मुलिनेक्स या नावाने घरोघरी पोहोचली. त्या यंत्राचे चित्र आपल्याकडच्या कोणालाही दाखवले तर तो निःशंकपणे त्याला पुरणयंत्र म्हणेल, इतकी दोन्हींची ठेवण सारखी आहे.

सोऱ्याही असाच दिवाळीपुरता खाली येतो. त्यात गाळणे नाही, केवळ दाबणे आहे, आणि चकतीच्या छिद्राप्रमाणे पदार्थाला आकार मिळतो. उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाच्या कुरडया आणि उपासाच्या साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या करणाऱ्या घरांत त्याला दुसरा हंगाम मिळतो, हे खरे. पण मालवणी शिरवाळे करण्यासाठी खास लाकडी साचा घरी नसेल, तर शेवेची चकती लावलेला पितळी सोऱ्या उत्तम चालतो. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून घ्यावेत आणि गरम असतानाच सोऱ्यात घालावेत, कारण गार झालेली उकड कितीही जोर लावला तरी उतरत नाही आणि उतरलीच तर तुटते. नारळाच्या गोड रसाबरोबर खायचा हा पदार्थ केवळ साच्याअभावी शहरातल्या घरांतून नाहीसा व्हावा, हे योग्य नाही.

अडकित्त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे नक्षीदार अडकित्ते पाहायला मिळतात, आणि ते पाहताना या लहानशा वस्तूवर कारागिरांनी केवढा जीव ओतला होता, हे जाणवते. पानाचा डबा घरातून गेला, त्याबरोबर अडकित्ताही गेला, असे सर्वसाधारण चित्र आहे. तरीही डिंकाचे लाडू करायला बसणाऱ्यांनी तो जपून ठेवला आहे, कारण खारीक फोडण्यासाठी त्याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. खारीक बिजागरीजवळ धरायची आणि लांब दांड्यांच्या टोकाशी दाब द्यायचा. तरफेच्या नियमाने हाताचा जोर कित्येक पटींनी वाढून पात्याखाली पोहोचतो, खारकेचे तुकडे होतात आणि बी सहज वेगळी होते. सुरीने हेच करायला गेले तर टणक खारीक निसटते आणि बोट कापते. खडीसाखरेचे मोठे खडे आणि सुक्या खोबऱ्याचे काप यांनाही तोच उपयोगी पडतो.

ही कामे करून घेताना धातूकडे लक्ष द्यावे लागते. टोमॅटो, चिंच, आवळा आणि चक्का हे सारे आंबट पदार्थ आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी पुरणयंत्र स्टीलचेच असावे. पितळेचे असल्यास त्याची कल्हई शाबूत हवी, आणि अ‍ॅल्युमिनियमचे अशा कामांना वापरू नये. विकत घेताना बारीक आणि जाड अशा दोन्ही चकत्या मिळतात की नाही, हे पाहून घ्यावे, कारण चक्क्याला बारीक आणि बटाट्याला जाड चकती बरी पडते. काम संपताच चकती काढून, पालथी करून नळाच्या धारेखाली धरली की छिद्रांत अडकलेले सगळे सुटून येते. तीच वाळू दिली, तर मग एकेक छिद्र सुईने मोकळे करत बसावे लागते.