मक्याचे इथेनॉल आणि सोयाबीनचा भाव
(बेळगाव जिल्ह्यातील एका ग्रामीण ग्रंथालयात शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो,

चिकोडी, हुक्केरी, निपाणी या आपल्या पट्ट्यात अनेक घरांत ऊस, मका आणि सोयाबीन अशी दोन-तीन पिके एकाच वेळी असतात. म्हणून पिकांपासून इंधन करण्याच्या धोरणाचा हिशेब एका पिकापुरता मांडून भागत नाही. एका पिकाचा भाव इथेनॉलमुळे वर गेला, तरी त्याच घरातल्या दुसऱ्या पिकाचा भाव त्याच कारणाने खाली येऊ शकतो, हे मला आज सांगायचे आहे.

उसापासून सुरुवात करू. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० साठी ठरले होते. ते पुढे २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणले गेले. साखर कारखान्यांनी इथेनॉल तयार करणाऱ्या डिस्टिलरी उभारल्या, साखर गोदामात अडकून पडण्याऐवजी रस आणि मळी इथेनॉलकडे वळू लागली, आणि तेल कंपन्यांकडून पैसे लवकर मिळत असल्याने उसाची बिले देणे सोपे झाले. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. पण पुढे काय झाले? उसाचा एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होता, तो २०२५-२६ मध्ये ३५५ झाला; रसाच्या इथेनॉलचा लिटरमागे ६५.६१ रुपये आणि बी-हेवी मळीच्या (जिच्यात काही साखर शिल्लक ठेवलेली असते) इथेनॉलचा ६०.७३ रुपये हा दर मात्र २०२२-२३ पासून तसाच राहिला. त्यातच २०२३ चा पाऊस कमी झाला आणि साखर महागण्याची भीती निर्माण होताच ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासून इथेनॉल करण्यास केंद्राने मनाई केली. काही दिवसांनी १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याची सवलत मिळाली, तरी हंगाम सुरू झाल्यावर बसलेला तो धक्का होता. ज्या मागणीवर कारखान्याने कर्ज काढले, ती मागणी एका आदेशाने थांबू शकते, हे तेव्हा दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर तोडणी-वाहतूक खर्च वगळून उसाला टनामागे ३,५०० रुपये मिळावेत यासाठी शेतकरी बसले, तेव्हा कारखानदारांच्या बाजूने पुढे आलेल्या कारणांत इथेनॉलचा हा न वाढलेला दरही होता.

उसाचा रस अडला तेव्हा सरकारचे लक्ष मक्याकडे वळले, आणि येथे विषय आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होतो. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये दर मिळाला. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे टनामागे सुमारे २७,३०० रुपये. एवढे मिळणार असतील तर डिस्टिलरी मक्याला चांगला भाव देणारच, आणि तिने तो दिला. कोंबडीखाद्यवाल्यांना मका महाग झाला, आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला. मका लावणाऱ्याला आनंद होणे साहजिक होते.

मात्र मक्यातला स्टार्च इथेनॉल होतो. प्रथिने आणि तेलाचा अंश डिस्टिलरीत मागे उरतो. तो वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. टनभर मक्यामागे साधारण ३०० किलो असे खाद्य निघते. त्यात सोयाबीनच्या पेंडेपेक्षा प्रथिने बरीच कमी असतात, पण ते स्वस्त असल्याने कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात पेंडेची जागा घेते. आता सोयाबीनचा भाव कशावर ठरतो ते पाहा. एक क्विंटल सोयाबीन गाळले की सुमारे १८ किलो तेल निघते आणि बाकीची बहुतेक पेंडच असते. पेंडेला गिऱ्हाईक कमी झाले की गाळप करणारा सोयाबीनला भाव देऊ शकत नाही, तेल कितीही महाग असले तरी. २०२४ मध्ये ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याहून खाली विकले गेले. त्याला जगभरचे भरघोस पीक आणि स्वस्त पेंड हेही कारण होते. सगळा दोष इथेनॉलवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु डीडीजीएसचा वाटा त्यात होता.

मक्याचा भावही कायमचा नव्हता. भाव वाढला, पेरा वाढला, आणि २०२४-२५ मध्ये अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ क्विंटलला २,२५० रुपयांनी डिस्टिलऱ्यांना देण्याचे ठरले. डिस्टिलरीला तांदूळ मिळाला की मक्याची मागणी कमी होते. २०२५ च्या हंगामात २,४०० रुपये हमीभाव असताना कर्नाटकात मका त्याच्या कितीतरी खाली विकला गेला, आणि मक्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले.

अमेरिकेत इंधनात जैवइंधन मिसळणे बंधनकारक करणाऱ्या २००५ आणि २००७ च्या कायद्यांनंतर मक्याच्या भावाला असाच इंधनाचा आधार मिळाला. २००७ च्या जानेवारीत शेजारच्या मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी, महागल्याने लोक रस्त्यावर उतरले. तेथेही इतर कारणे होती, पण खाणाऱ्याच्या ताटाचा खर्च आणि वाहनाची टाकी यांची सांगड तेव्हापासून पडली.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. रसाच्या इथेनॉलचा दर एफआरपी वाढताच त्याच सूत्राने वाढावा, आणि धान्याच्या इथेनॉलचे वर्षाचे लक्ष्य ठरवताना डीडीजीएस किती निघेल व सोयाबीनच्या हमीभाव खरेदीचा भार किती वाढेल, हे पेरणीपूर्वी, म्हणजे मे महिन्यातच जाहीर व्हावे. तोवर आपण मक्याचा भाव विचारताना त्याच फोनवर पेंडेचा भावही विचारावा. सोयाबीन लगेच विकायचे की घरात ठेवायचे, याचा अंदाज त्यावरून येतो.