आमची धोका पातळी ३९ फूट

नमस्कार मंडळी. पहिल्या रांगेत खुर्च्या काढून आमच्या चाकांसाठी जागा मोकळी ठेवलीत, त्याबद्दल आधी आभार. विषय आहे ‘अतिवृष्टी, महापूर आणि व्हीलचेअर’. मला त्यातली एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायचीय. पण ती सांगण्याआधी थोडं नदीकाठानं फिरून येऊ.

कोल्हापुरात पावसाळ्यात माणूस उठला की चहाच्या आधी काय विचारतो? ‘राजाराम बंधाऱ्याला किती झालं?’ म्हणजे पंचगंगेचं पाणी तिथं किती फुटांवर आलं. मग राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. आणि पूर बघायला जाणं हा तर आपला सणच. पंचगंगेचं पाणी बघायला कोण कोण गेलंय, हात वर करा. बघा, सगळेच! (हशा) मीही जायचो. भाजलेलं कणीस खात तासन्‌तास ते तांबडं पाणी बघत उभा राहायचो. १९९८ ला मोटारसायकलवरून पडलो, मणका गेला, कमरेखालची जाणीव गेली. तेव्हापासून पाणी मोजायची माझी पट्टी बदलली.

नदीचं माप फुटांत आणि बंधाऱ्यावर. माझं माप इंचांत आणि खुर्चीवर. माझ्या खुर्चीची पाय ठेवायची फळी जमिनीपासून चार इंचांवर आहे. पुढची लहान चाकं आठ इंची. मागची मोठी चोवीस इंची, म्हणजे त्यांचा आस बारा इंचांवर. आता पाणी चढवा. चार इंचांना माझे पाय पाण्यात. त्या पायांना काच लागली, पत्रा लागला तरी मला समजत नाही, आणि पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं; जखमेतून लेप्टोचा ताप शिरतो तो असा. म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातल्याशिवाय मी पावसात उंबरा ओलांडत नाही, आणि घरी आल्यावर आरसा घेऊन तळवे बघतो. आठ इंचांना पुढची चाकं दिसेनाशी होतात. गटाराची जाळी कुठं, खड्डा कुठं, काही कळत नाही. चाक अडकलं की माणूस तोंडावर. बारा इंचांना बेअरिंगमध्ये गाळ. चालणारा माणूस एवढ्याच पाण्यातून पँट गुंडाळून दूध आणायला जातो.

नुसत्या पावसाचंही सांगतो. चाक फिरवायची कडी ओली झाली की हात सटकतो. ब्रेक टायरवर दाबून बसतो, टायर ओला असला की तोही घसरतो. आणि छत्री धरायची कुठल्या हातानं? दोन्ही हात चाकांवर. याचं उत्तर मला माझ्या सासुरवाडीला, राधानगरीकडच्या एका गावात मिळालं. तिथं भाताची लावण करताना बायका पाठीवर इरलं घेतात. दोन्ही हात मोकळे, डोकं आणि पाठ कोरडी, वाकून काम चालू. बसून काम करणाऱ्यासाठी याहून चांगली गोष्ट कुणी शोधलीय असं मला वाटत नाही. तीच कल्पना धरून बायकोनं मला ताडपत्रीची खोळ शिवून दिली. मागं पाठीला आखूड, पुढं मांडीवरून गुडघ्याखाली जाणारी, आणि बाजूनं चाकात अडकणार नाही अशी. मागून लांब ठेवलीत तर ती बुडाखाली जाऊन पाणी कुशनवर ओढते. हे तुमच्या घरी शिवून घ्या, शिंप्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

आता २०१९. ऑगस्टचा पहिला आठवडा. आम्ही शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर. पाणी ३९ ओलांडून गेलं तेव्हा गल्लीतले जाणते म्हणाले, ‘२००५ ला उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. त्याच्या वर कशाला येतंय?’ सगळ्यांची खूण २००५ ची. माझीही तीच होती. पाणी उंबऱ्याला लागलं आणि थांबलं नाही. रात्री लाईट गेली. पहाटे कॉटचे पाय पाण्यात, आणि कॉटवर आम्ही दोघं, माझी खुर्ची आणि गॅसची शेगडी.

सकाळी तालमीची पोरं बोट घेऊन आली. देवमाणसं. एकानं मला पाठीवर घेतलं. मी म्हणालो, ‘खुर्ची घ्या रे.’ तो म्हणाला, ‘काका, खुर्ची ऱ्हाऊ दे. आधी माणूस.’ मागं अजून दोन म्हाताऱ्या थांबल्या होत्या, बोटीत जागा नव्हती, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण मंडळी, खुर्ची म्हणजे माझं सामान नव्हे. तुम्हाला बोटीत घेताना कुणी म्हणतं का, पाय राहू द्या, आधी माणूस?

ज्या शाळेत आम्हाला ठेवलं तिथं माणसं प्रेमळ होती, जेवण गरम होतं. मी सतरंजीवर. संडास पटांगणापलीकडं, तीन पायऱ्या चढून. दर वेळी दोघांनी उचलायचं. शंभर माणसांसमोर. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी पिणंच कमी केलं. लघवीसाठी मला नळी घालावी लागते; पिशवीत चारच नळ्या होत्या. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, बाहेरून माल येईना, दुकानात नळ्या संपलेल्या. त्याच चार धुऊन धुऊन वापरल्या आणि थंडी वाजून ताप आला. तिसऱ्या दिवशी पाठ पुसताना बायकोला माकडहाडावर तांबडा डाग दिसला. बोटानं दाबला तर पांढरा पडेना. एका जागी दाब पडून कातडी आतून मरायला लागल्याची ती खूण. ज्यांना हे माहीत आहे त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. कुशनवर बसायचा माणूस तीन दिवस फरशीवर होता. त्या डागाची जखम झाली आणि ती भरायला संक्रांत उजाडली. पाच महिने पालथं झोपून काढले मी. पुरानं माझं घर पंधरा दिवसांत परत दिलं, अंग द्यायला पाच महिने घेतले.

पाणी उतरल्यावर खुर्ची सापडली, गाळात उलटी. फोमचं कुशन पाण्यानं एवढं जड झालेलं की एका हाताला उचलेना.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो.

आमची धोका पातळी ४३ नाही. ती ३९ आहे. ३९ ला आमच्या गल्लीतला रस्ता कोरडा असतो. रिक्षा दारात येते. मी माझ्या चाकांवर बाहेर पडतो, खुर्ची, कुशन, पंधरा दिवसांच्या नळ्या आणि गोळ्या घेऊन. ४३ नंतर मला दुसरा कुणीतरी उचलणार, आणि काय न्यायचं ते तोच ठरवणार. २०२१ च्या जुलैत मी हेच केलं. आकडा ३९ झाला, मी राजारामपुरीत बहिणीकडं निघालो. गल्ली म्हणाली, ‘अजून रस्ता कोरडा हाय, कुठं चाललाय?’ कोरडा आहे म्हणूनच चाललो होतो. त्या वर्षी नदी ५६ फुटांवर गेली, २०१९ पेक्षाही वर. मी कोरडा, खुर्ची कोरडी, कातडी शाबूत.

पण सगळ्यांना राजारामपुरीत बहीण नसते. म्हणून दुसरी गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचवायची. ही नोंद गल्लीवार, मजल्यासकट असावी, आणि ३९ ला फोन यावा, एवढं आपण मागायचं. निवारा तळमजल्यावर, आणि संडासाचं दार मोजून घेतलेलं. माझी खुर्ची २६ इंच रुंद. आपल्याकडं संडासाची दारं पुष्कळदा २४ इंचांची. दोन इंचांसाठी माणूस पाणी पिणं सोडतो.

बोटीची वेळ आलीच तर: खुर्चीचा पट्टा सोडा. बोट कलंडली तर बांधलेला माणूस खुर्चीबरोबर तळाला जाईल. लाईफ जॅकेट अंगाला, खुर्चीवरून नाही. खुर्ची घडी करून मधोमध, कुशन मांडीखाली. बॅटरीच्या खुर्चीवाल्यांनो, जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, आणि खुर्ची बुडली असेल तर चालू करून बघू नका, आधी बॅटरीच्या वायरी सोडवा. मानेला किंवा छातीच्या वरच्या मणक्याला इजा असणाऱ्यांच्या घरच्यांनो, लघवी तुंबली, डोकं ठणकायला लागलं, तोंड लालबुंद झालं तर तो साधा ताप नाही, रक्तदाब झपाट्यानं चढतोय. ताठ बसवा, नळी मोकळी करा, डॉक्टरला गाठा. आणि ओल्या कपड्यांत ठेवू नका, त्यांचं अंग आपणहून गरम होत नाही.

दाराशी टेबलावर एक वही ठेवलीय. नाव, गल्ली, मजला, खुर्चीची रुंदी, आणि ३९ ला दार वाजवायला येईल अशा एका शेजाऱ्याचं नाव. शेजारी इथंच बसले असतील तर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.