रुळाचा एक फेरा

नमस्कार मंडळी. हा समोर ठेवलेला ब्रेयर, म्हणजे हातानं शुभेच्छापत्रं, आपली कार्डं, सजवताना शाई लावायचा रूळ, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल, आणि त्यातल्या निम्म्या जणांकडे तो खणाच्या तळाशी पडून असेल. एक मूठ, तिला जोडलेली धातूची चौकट आणि चौकटीत फिरणारा रबरी रूळ. हौसेनं आणायचा, इंक पॅडवर फिरवायचा, कार्डावर पट्टेच पट्टे उमटले की ठेवून द्यायचा आणि पुन्हा स्पंज हातात घ्यायचा, असा त्याचा प्रवास होतो. मला आज त्या पट्ट्यांबद्दलच बोलायचंय. ते का येतात हे कळलं की ब्रेयरकडून काय काय करून घेता येईल, हे आपोआप सुचायला लागतं.

रुळाचा व्यास समजा तीन सेंटिमीटर आहे. म्हणजे परीघ साधारण ९.४ सेंटिमीटर. रुळाच्या अंगावर जे काही असेल ते कागदावर एवढ्या अंतरानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. एका जागी शाई कमी असेल तर दर ९.४ सेंटिमीटरवर फिका पट्टा येणारच. तुमच्या रुळाचा परीघ वेगळा असेल, तेव्हा घरी गेल्यावर कागदाची पट्टी रुळाभोवती गुंडाळा, टोक जिथे जुळेल तिथे खूण करा आणि पट्टीवर मोजा. तो आकडा मुठीवर लिहून ठेवा. पुढे सारखा लागणार आहे.

आता शाई घेताना काय होतं बघा. हात सवयीनं लाटण्यासारखा पुढे-मागे जातो. पॅड सात सेंटिमीटर लांबीचं आहे. रूळ पुढे नेला, सात सेंटिमीटर रबर शाईला लागलं. मागे आणला, तेच सात सेंटिमीटर पुन्हा लागलं. उरलेलं २.४ सेंटिमीटर रबर कोरडंच! तुम्ही पन्नास वेळा पुढे-मागे करा, ते कोरडंच राहणार. म्हणून पुढे ढकलायचं, टोकाला पोचलं की उचलायचं, उचलल्यावर रूळ हवेत जरासा फिरू द्यायचा आणि पुन्हा अलीकडून सुरुवात करायची. दर वेळी रुळाची वेगळी बाजू खाली येते आणि सगळीकडे शाई बसते. ब्रेयरचं तंत्र म्हणून जे शिकवतात त्यातलं निम्मं एवढंच आहे.

उरलेलं निम्मं कागदावर. कार्डाच्या खाली मोठा रद्दी कागद घ्या आणि रूळ त्या रद्दीवर टेकवून मग कार्डावर न्या. थेट कार्डाच्या मध्यात टेकवलात तर टेकल्या जागी गडद रेघ उठते आणि ती नंतर काही केल्या जात नाही. जोर लावायचा नाही. रुळाच्या वजनाला हाताची नुसती साथ पुरते. एका दमात रंग गडद करायला जाऊ नका, फिक्या थरावर फिका थर चढवत न्या. पहिले दोन-तीन थर कुरूपच दिसतात, तिथे धीर सोडू नका.

कागद कोणता, हे मला जरा ठासून सांगायचंय, कारण बहुतेकांची निराशा इथे होते. साधं कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद, शाई टेकताक्षणी पिऊन टाकतं, त्यामुळे दुसऱ्या थराला पहिला थर हलवता येत नाही आणि सगळे सांधे दिसतात. ग्लॉसी कार्डस्टॉकवर लेप असतो. डाय इंक, म्हणजे विरघळलेल्या रंगाची पातळ शाई, त्यावर थोडा वेळ ओली राहते, तेवढ्यात पुढचा फेरा तिला पसरवतो आणि सांधे मिटतात. रंगही झळझळीत दिसतो. पिगमेंट इंक, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची घट्ट शाई, मात्र ग्लॉसीवर लवकर वाळतच नाही, बोट लागलं की फासते. ती वापरायचीच असेल तर वर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर, म्हणजे उष्णतेनं वितळून थर धरणारी भुकटी, टाकून हीट गननं, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, वितळवून टाका. नवशिक्यांनी ग्लॉसी कागद आणि डाय इंक यापलीकडे जाऊच नये, असं माझं मत आहे.

सप्तरंगी पॅडवर रूळ सरळ फिरवा. प्रत्येक फेऱ्याला दोन-तीन मिलिमीटर डावी-उजवीकडे सरकवलात तर रंगांच्या सीमा विरघळतात. त्यापेक्षा जास्त सरकवलात तर पॅडच खराब होतं. पिवळ्याला नारिंगी आणि नारिंगीला लाल शेजार चालतो. पिवळ्याला जांभळा लावलात की मध्ये चिखल.

थोडं विषयांतर करतो. हे यंत्र आपल्याकडे छापखान्यातून आलंय. पूर्वी छापखान्यात शाई लावायला लोकर किंवा घोड्याचे केस भरलेले चामड्याचे गोळे वापरत. दोन हातांत दोन गोळे घेऊन टायपांवर थोपटत बसायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरस आणि काकवी एकत्र शिजवून त्याचे रूळ ओतायला लागले आणि गोळे मागे पडले. ते रूळ उन्हाळ्यात नरम व्हायचे, दमट हवेत फुगायचे. आपलं रबर तसं काही करत नाही, हे आपलं नशीब. पण एक गोष्ट तेव्हापासून तशीच आहे: रूळ पृष्ठभागावर शाई ठेवतो आणि उंच भागालाच ती देतो. खोलगट भागात तो पोचत नाही.

या एका गुणावर किती तरी करामती उभ्या आहेत. एम्बॉसिंग फोल्डरमधून, म्हणजे कागदावर उठाव आणणाऱ्या नक्षीदार दुपदरी साच्यातून, काढलेलं कार्ड घ्या, वरून अगदी हलका ब्रेयर फिरवा. उठावाच्या माथ्यावर रंग, खाली पांढरं. याच्या उलट, कार्ड घालण्याआधी फोल्डरच्याच आतल्या एका बाजूला ब्रेयरनं शाई लावा आणि मग दाब देणाऱ्या मशीनमधून काढा. ज्या बाजूला नक्षी खोल आहे तिथे शाई लावलीत तर पार्श्वभूमी रंगते आणि नक्षी पांढरी उठून दिसते. ज्या बाजूला नक्षी वर आलेली आहे तिथे लावलीत तर फक्त नक्षी रंगते आणि कागदात रुतलेली दिसते, जुन्या लेटरप्रेसच्या छपाईसारखी. कार्डभर नक्षी उमटवणाऱ्या मोठ्या बॅकग्राउंड स्टॅम्पला शाई लावायलाही ब्रेयरच घ्यावा. मग स्टॅम्प उलटा करून दाबण्याऐवजी तो टेबलावर रबर वर करून ठेवा, कार्ड त्यावर पालथं घाला, त्यावर एक साधा कागद ठेवा आणि कोरडा ब्रेयर फिरवा. कोपरे पुसट राहण्याची तक्रार संपते.

रेझिस्टची, म्हणजे नक्षीवर शाई बसू न देण्याची, पद्धत तुम्हाला माहीत असेलच. पारदर्शक एम्बॉसिंग इंकनं शिक्का मारायचा, पावडर टाकायची, वितळवायची, गार होऊ द्यायची आणि वरून गडद रंगाचा ब्रेयर. वितळलेल्या पावडरीत शाई मुरत नाही. टिश्यूनं पुसली की नक्षी उजळते. यात मला आवडतो तो दोन थरांचा प्रकार. आधी कार्डावर पिवळा-नारिंगी ब्रेयर, तो पूर्ण वाळल्यावर एम्बॉसिंग, मग त्यावर गडद निळा. रात्रीच्या अंधारात पेटलेली पानं. पहिला थर ओला असताना घाई केलीत तर पावडर नको तिथे चिकटते.

आता पुन्हा परिघाकडे येऊ. रुळावर रबरबँड गुंडाळा, हवे तसे वेडेवाकडे. शाई फक्त त्यांनाच लागते आणि कागदावर रेघा उमटतात. कार्ड काटकोनात वळवून पुन्हा फिरवलंत की चौकडी. किंवा पाण्याच्या शाईच्या मार्करनं थेट रुळावर चित्र काढा. शाई वाळत आली असेल तर रुळावर तोंडानं वाफ सोडा आणि फिरवा. रुळाभोवती गोल काढलेली रेघ कागदावर सरळ येते. मळसूत्रासारखी चढत जाणारी रेघ तिरप्या समांतर रेघा देते. ठिपके काढलेत तर त्यांची ओळ होते. काय काढलं की काय उमटेल याचा अंदाज घेण्यात तास कसा जातो कळत नाही.

आणि आता मी ज्यासाठी खास आलोय ते, पाण्यातलं प्रतिबिंब. उजवीकडे झुकलेलं झाड आहे. तळ्याच्या काठावर त्याचा शिक्का मारला. प्रतिबिंबासाठी तोच शिक्का उलटा फिरवून मारला तर काय होईल? पाण्यातलं झाड डावीकडे झुकेल. असं प्रतिबिंब कधी पडत नाही, पण कित्येक कार्डांवर दिसतं. ब्रेयरनं हे नीट जमतं. स्टॅम्पला पुन्हा शाई लावा आणि रबर वर करून ठेवा. रुळाच्या कडेला खुणेचा ठिपका द्या. तो ठिपका खाली आणून, स्वच्छ कोरडा रूळ बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदाच फिरवा. झाड रुळावर आलं. आता रुळाला फक्त कडेनं धरून ठिपका पुन्हा खाली आणा, तो काठाच्या रेषेवर टेकवा आणि रूळ पाण्याच्या दिशेनं फिरवा. बुंध्याला बुंधा जुळतो, शेंडा खाली जातो आणि झाड उजवीकडेच झुकतं. नेहमीचा शिक्का एकदा उलटतो, इथे रुळामुळे तो दोनदा उलटला. शिवाय थोडी शाई स्टॅम्पवर आणि थोडी रुळावर राहते, त्यामुळे प्रतिबिंब आपोआप फिकं येतं. पाण्यात असतं तसंच. अट एकच, झाड परिघापेक्षा बुटकं हवं. नाहीतर बुंध्यावर शेंडा चढतो.

देखाव्यांबद्दल थोडक्यात. गोल कापलेला चिकट कागद हा चंद्र, फाडलेल्या कागदाची कड ही डोंगररांग. कड थोडी खाली सरकवत, दर वेळी जरा गडद रंग फिरवत यायचं. मास्कचा, म्हणजे कार्डाचा भाग झाकायचा, कागद पातळ ठेवा. जाड मास्कवर रूळ चढतो आणि कडेला लागून पांढरी पट्टी राहते. मऊ रबराचा ब्रेयर इथे सरस ठरतो. कडक रबर लिनोकटसाठी, म्हणजे कोरलेल्या लिनोलियमच्या ठशांसाठी, बरं.

जेल प्लेट, म्हणजे छपाईची मऊ जेलची पाटी, हा वेगळा मोठा विषय आहे, त्यात शिरत नाही. अॅक्रिलिक रंगासाठी ब्रेयर निराळा ठेवा, एवढं मात्र ऐका. वाळलेलं अॅक्रिलिक रबरावरून निघता निघत नाही.

मागून प्रश्न आलाय: शाई पसरवायचा ब्लेंडिंग ब्रश असताना ब्रेयर कशाला? रास्त आहे. शिक्क्याभोवती नुसती आभा हवी असेल तर ब्रशच घ्या, मीही घेतो. अख्खं कार्ड झाकायचं असेल, किंवा नक्षी पुन्हा पुन्हा यायला हवी असेल, तिथे ब्रश हात टेकतो.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. डाय इंक ओल्या फडक्यानं जाते. कडक सॉल्व्हंट लावू नका, रबर खराब होतं. ठेवताना रूळ टेबलावर टेकवून ठेवू नका, एका जागी सपाट होतो. बऱ्याच ब्रेयरच्या चौकटीला मागे टेकू असतो, तो खाली आणि रूळ वर. धुऊनही रबरावर निळा-गुलाबी डाग राहिला तर घाबरू नका. पांढऱ्या कागदावर फिरवून बघा. कागद कोरा राहिला तर तो डाग रबरात मुरलाय, पुढच्या कार्डावर येणार नाही.