कोंदण

लक्ष्मी रोड, शनिवारची दुपार. काउंटरवरच्या मखमली ट्रेमध्ये चार अंगठ्या. हिरा चारींत सारखाच, अर्ध्या कॅरेटचा, म्हणजे वजनाला जेमतेम 100 मिलिग्रॅम. फरक आहे तो बसवण्यात. साखरपुडा महिन्यावर आलाय, आणि नवरीची नजर सगळ्यात उंच अंगठीवरून हलत नाही.

त्या अंगठीत सहा बारीक काट्यांनी हिरा वर उचलून धरलाय. काट्यांना सराफ प्रॉंग म्हणतात. ही बैठक 1886 साली न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं आणली. खडा असा उघडा राहिला की उजेड चहूबाजूंनी आत शिरतो, आतल्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येतो. हिऱ्याचं तेज म्हणतात ते हेच. दिसायला या अंगठीला तोड नाही, हे मान्यच.

पण हा हात पुण्यातला आहे. सकाळी कणीक मळणारा. मग तोंडाभोवती स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे आणि स्कूटर. पुढे दिवसभर प्रयोगशाळेत रबरी मोजे, घाला आणि काढा. काटा स्कार्फच्या धाग्यात अडकतो, मोजा फाडतो, दरवेळी जरासा उचलला जातो. एक दिवस बोटावर नुसतं रिकामं घर उरतं. खडा कुठे पडला तेही कळत नाही.

"बावीसचंच घे की गं," आजी म्हणते. सोनं म्हणजे अडीअडचणीची पुंजी, हा तिचा हिशेब खरा आहे. पण बावीस कॅरेटचं सोनं मऊ, त्याचे काटे लवकर वाकतात. म्हणून हिऱ्याला बहुतेक वेळा अठरा कॅरेट. आतल्या बाजूला 750 चा शिक्का, म्हणजे हजारात 750 भाग सोनं, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, दोन्ही भिंगातून बघूनच घ्यावं. हिऱ्याचंही एक आहे. त्यावर ओरखडा सहसा उठत नाही, पण ओट्याच्या कडेचा नेमका फटका बसला तर टवका उडू शकतो.

भोवती बारीक हिऱ्यांची रांग असलेल्या दोन अंगठ्या बाजूला होतात. रोजच्या हातासाठी मीही त्या सुचवणार नाही, इतके छोटे खडे कोण सांभाळणार?

चौथी अंगठी इतका वेळ कुणी उचललेली नाही. खड्याच्या कडेभोवती सोन्याची सलग पट्टी, कारागिरानं गोल फिरत दाबून बसवलेली. दुकानात हिला बेझल म्हणतात. आपल्याकडे शब्द जुनाच आहे, कोंदण. बाजूचा उजेड थोडा अडतो, तेवढं सोडावं लागतं. पाठ मात्र मोकळी मागून घ्यावी, म्हणजे साबणाचा थर ब्रशनं निघतो.

आजी अंगठी कानाशी धरून हलवते. खुळखुळ नाही. मुलगी ती बोटात घालते, पर्समधून स्कूटरचा हातमोजा काढते आणि वरून चढवते. उतरवते. पुन्हा चढवते.